हानी कमी करणाऱ्या संस्थेला विश्वस्त कसे मिळतात



आळेफाट्याहून ओतूरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला कल्याण–अहिल्यानगर मार्गावर पिंपरी पेंढार लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ऊस, कांदा, टोमॅटो आणि मळ्यामळ्यांतून विखुरलेली घरे दिसतात. दोन पिढ्यांपूर्वी येथे एवढा ऊस नव्हता. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी जुन्नर व आंबेगावच्या शिवारात खेळू लागले, साखर कारखाने उभे राहिले, आणि उसाच्या दाट सऱ्यांमध्ये माणसाच्या बरोबरीने बिबट्याही राहावयास आला. त्याला आडोसा मिळाला. कुत्री, शेळ्या, वासरे यांच्या रूपाने भक्ष्य मिळाले. मादी उसातच पिले घालू लागली. २०२४ मध्ये पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यांत स्त्रियांचे प्राण गेले. ज्या घरातले माणूस गेले त्या घराने ‘एकही बिबट्या शिल्लक ठेवू नका’ असे म्हटले तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु याच तालुक्याने एक गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकून ठेवली आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. धोका उचलून नेला म्हणजे धोका संपला, असा त्यामागील सरळ विचार होता. विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले ते उलटेच. या स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले कमी झाले नाहीत, वाढले. आणि जेथे प्राणी नेऊन सोडले त्या भागांच्या आसपासही ते सुरू झाले. तेव्हापासून शहाणपणाची भाषा थोडी बदलली. गोठा बंदिस्त करा, घराभोवती उजेड ठेवा, मूल एकटे उसाच्या कडेला पाठवू नका, ऊसतोड कामगारांच्या कोप्या उसाच्या बांधाला लागून उभारू नका, शेतीपंपाची वीज रात्री न देता दिवसा द्या. यांपैकी एकही उपाय बिबट्या नाहीसा करीत नाही. पण तो शिवारात असताना माणूस मरू नये, एवढे ते पाहतात. शेवटचा उपाय तर शेतकऱ्यांनी स्वतः मागितलेला आहे. रात्रीच्या अंधारात पाणी द्यावयास कोणाला जावे लागते, हे त्यांनाच ठाऊक होते.

ज्याला आज जगभर ‘हानी कमी करण्याचे काम’ म्हणतात ते नेमके हेच आहे. फक्त तेथे बिबट्याच्या जागी दारू असते, टोचून घेण्याची नशा असते, देहविक्रयातून होणारा रोग असतो किंवा घराच्या फळीवर ठेवलेली कीटकनाशकाची बाटली असते. उपमेला अर्थातच मर्यादा आहे. बिबट्या बाहेरून येतो. व्यसनी माणूस घरातला असतो, आणि त्याला बिबट्यासारखे वागविणे हाच पुष्कळदा निम्मा आजार असतो. तरीही मूळ प्रश्न तोच राहतो: जे आज, उद्या आणि कदाचित दहा वर्षे संपणार नाही, ते असताना मृत्यू, रोग आणि संसाराची धूळधाण कशी टाळावयाची?

अशा कामासाठी संस्था काढावयाची झाली तर तिच्या विश्वस्त मंडळावर कोणाला घ्यावे, हा आजच्या भाषणाचा विषय. तो कोरडा वाटण्याचा संभव आहे. परंतु हानी कमी करणाऱ्या संस्था पैशाअभावी जेवढ्या बंद पडतात तेवढ्याच आपल्या मंडळाअभावी बंद पडतात. मंडळ असते, बैठका होतात, चहा होतो. आणि गावात पहिली कुजबुज सुरू होताच मंडळातीलच एक प्रतिष्ठित गृहस्थ उठून विचारतात, ‘जो सोडावयास तयार नाही त्याला आपण मदत तरी का करावी?’ या प्रश्नाला आधीच उत्तर देऊन न बसलेले मंडळ त्या दिवशी कोसळते.

आपल्याकडे मंडळ भरण्याची रीत ठरलेली आहे. देवस्थान असो, शिक्षण संस्था असो वा पतपेढी असो, सात नावे हवीत म्हणून सात नावे गोळा केली जातात. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात व्यक्ती लागतात, म्हणून हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. एक माजी सरपंच, एक मुख्याध्यापक, एक डॉक्टर, सोसायटीचे चेअरमन, एखादे वकील, देणगी देऊ शकेल असा मुंबईकर ग्रामस्थ आणि महिला प्रतिनिधी म्हणून त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी सौभाग्यवती. शाळेची इमारत बांधावयाची असेल तर अशा मंडळाने काम होतेही. शाळा चांगली की वाईट यावर गावात मतभेद नसतो. हानी कमी करण्याच्या कामात मात्र सारा मतभेद तेथेच असतो, आणि प्रतिष्ठा हे ज्याचे मुख्य भांडवल आहे तो माणूस त्या भांडवलाला धोका दिसताच मागे सरतो. यात त्याचा दुष्टपणा नसतो. त्याला निमंत्रण देतानाच खरे काय ते सांगितलेले नसते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे सांगणे. ‘आपण व्यसनमुक्तीचे काम करणार आहोत’ एवढेच म्हणून कोणाला मंडळावर घेऊ नये. व्यसनमुक्ती हे थोर कार्य आहे आणि महाराष्ट्रात त्याची उज्ज्वल परंपरा आहे. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केले, आणि तेथे बरे होऊन गेलेले कित्येक जण पुढे त्याच संस्थेत कार्यकर्ते झाले. परंतु तेथे येणाऱ्या माणसासमोरचे ध्येय व्यसन सोडण्याचे आहे. हानी कमी करणारी संस्था सोडण्याची वाट खुली ठेवते, पण सोडण्याची अट घालत नाही. अजून पिणारा, अजून टोचून घेणारा मनुष्यही तिच्या दारात येतो आणि त्याला हाकलून दिले जात नाही. ही दोन कामे एकमेकांची वैरी नव्हेत. हानी कमी करणाऱ्या संस्थेतून व्यसनमुक्ती केंद्राकडे जाणारे पुष्कळ असतात. परंतु विश्वस्ताला हा फरक निमंत्रणाच्या दिवशीच कळला पाहिजे. नंतर कळला तर त्याला फसविल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे रास्तच असते.

सांगावयाचे म्हणजे उदाहरण देऊन सांगावे. गावात रोज भरपूर पिणाऱ्या एखाद्याने पत्नीच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या आग्रहाने एका दिवसात माळ घातली आणि दारू पूर्ण तोडली, तर सर्वांना आनंद होतो. वैद्यकशास्त्र मात्र सांगते की दीर्घकाळ जास्त पिणाऱ्याने अचानक थांबल्यास दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि उपचार न मिळाल्यास प्राणही जाऊ शकतो. अशा माणसाला त्या चार दिवसांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवणे हे हानी कमी करण्याचे काम आहे. ज्या विश्वस्ताला हे उदाहरण ऐकून ‘हे गावाला सांगितलेच पाहिजे’ असे वाटते, तो उपयोगी पडेल. जो म्हणतो, ‘असे सांगितले तर लोक दारू सोडावयाचे थांबतील’, त्याच्याशी आणखी एकदोनदा बोलावे लागेल. आणि जो म्हणतो, ‘मेला तर मेला, स्वतःच्या कर्माने’, त्याला आदराने नमस्कार करून परत यावे. त्याची देणगी मात्र नाकारू नये.

देशाचा आकडाही निमंत्रिताच्या कानावर घालावा. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा ते पंच्याहत्तर वर्षे वयोगटातील सुमारे १४.६ टक्के लोक दारू पितात, असे त्यात आढळले. आणि ज्यांना दारूचे अवलंबित्व आहे त्यांच्यापैकी अडतिसांत एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचे दिसले. टोचून नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लक्ष असावी, असा अंदाज त्यात आहे. उपचारांपर्यंत न पोहोचलेले ते सदतीस जण गावातच असतात. त्यांची गाठ पडते ती गुत्त्यावर, रस्त्यावरच्या अपघातात किंवा हातभट्टीच्या विषारी घोटात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. २०१७ च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, शेजारच्या नगर जिल्ह्यातील पांगरमल येथे तोच प्रकार घडला. पंचायत सदस्यांनी पांगरमलचे नाव विसरू नये.

आता मुख्य प्रश्न. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांना मंडळावर घ्यावे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर या कामाच्या जन्मातच दडलेले आहे. १९८४ मध्ये ॲमस्टरडॅम शहरात वापरलेल्या सुया घेऊन नव्या देण्याची जगातील पहिली व्यवस्था सुरू झाली, तेव्हा काविळीच्या साथीची भीती घालून तिचा आग्रह धरणारी संघटना नशा करणाऱ्यांचीच होती. शहराच्या आरोग्य खात्याने तिला साथ दिली. आपल्या देशात मणिपूर, कोलकाता, दिल्ली आणि मुंबई येथे १९९० च्या दशकात हे काम रुजले. मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने रस्त्यावर राहणाऱ्या, टोचून घेणाऱ्या माणसांपर्यंत जाण्याची वाट पाडली. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने निर्जंतुक सुया देणे आणि अफूजन्य नशेला पर्यायी औषध देणे ही दोन्ही कामे शासकीय धोरण म्हणून स्वीकारली. म्हणजे जे आरंभी चार विक्षिप्त लोकांचे खूळ वाटत होते ते आज सरकारी रुग्णालयांतूनही चालते.

परंतु महाराष्ट्रातील ग्रामीण वाचकाला अधिक जवळचे उदाहरण सांगलीचे आहे. संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजेच ‘संग्राम’, हिने १९९२ पासून मीना सेषू यांच्या पुढाकाराने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे काम सुरू केले. निरोध वाटणाऱ्या त्या स्त्रियाच होत्या. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला जी गल्ली दार उघडत नाही ती त्यांना उघडत होती. १९९६ मध्ये या स्त्रियांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही आपली स्वतःची संघटना उभारली, आणि तिचा कारभार त्याच पाहतात. लाभार्थी म्हणून ज्यांची नावे रजिस्टरात चढली होती त्याच निर्णय घेणाऱ्या झाल्या. कोणती अडचण पोलिसांकडे न्यावी, कोणती आपापसांत मिटवावी, रुग्णालयात अपमान झाल्यास कोणाला जाब विचारावा, हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते; ते त्यांनीच इतरांना शिकविले.

मंडळाची कसोटी कशी लागते याचे एक उदाहरण याच संस्थेच्या इतिहासात आहे. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने, त्या देशाचा एड्सविषयक पैसा घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायाच्या विरोधातील धोरण लेखी स्वीकारावे, अशी अट घातली. ज्या स्त्रियांच्या बळावर काम उभे राहिले त्यांच्याच विरोधात कागदावर सही करणे ‘संग्राम’ने नाकारले, आणि २००५ मध्ये तो पैसा परत केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट त्यांच्या देशातील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरविली; परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही, असा निर्णय २०२० मध्ये दिला. देणगीदाराचा धनादेश परत करण्याचा ठराव कोण करू शकते? ज्या मंडळात सर्वच सभासद धनादेश मिळवून देण्यासाठी घेतलेले आहेत ते नव्हे.

सहकाराच्या मुलखात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांना आणखी एक हकीकत रुचेल. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीतील स्त्रियांनी सावकारी व्याजातून सुटण्यासाठी १९९५ मध्ये स्वतःची ‘उषा’ सहकारी संस्था काढावयाचे ठरविले. सभासद सच्छील असावा, अशी अट सहकार कायद्यात आडवी आली. ‘गृहिणी म्हणून नोंद करा, प्रश्न मिटेल’ असा व्यवहारी सल्ला त्यांना मिळाला; तो त्यांनी मानला नाही, आणि अखेर शासनाने नियमातून वाट काढली. आपल्या पोटनियमांतही असे शब्द सर्रास असतात. ‘विश्वस्त हा निर्व्यसनी व चारित्र्यसंपन्न असावा’ हे वाक्य एका घटनेवरून दुसऱ्या घटनेत, अर्ध्या शतकापासून, कोणी न वाचता उतरत आले आहे. हानी कमी करणाऱ्या संस्थेने नोंदणीपूर्वीच ते वाचावे. ज्याच्या अनुभवाची सर्वांत अधिक गरज आहे त्यालाच ते बाहेर ठेवते.

मात्र एकाच माणसाला ‘व्यसनींचा प्रतिनिधी’ म्हणून आणून बसविणे ही त्याच्यावर क्रूरताच होय. सात जणांच्या मंडळात तो एकटा असला म्हणजे प्रत्येक बैठकीत सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळतात. तो बोलला तर ‘त्याला तसे वाटणारच’, आणि न बोलला तर ‘बघा, त्याचीही संमती आहे’. निदान दोघे असावेत; तिघे असल्यास अधिक बरे. त्यांत एखादी पत्नी वा आई असावी. पिणाऱ्याच्या घरातील स्त्रीला जे ठाऊक असते ते खुद्द पिणाऱ्यालाही ठाऊक नसते: मजुरी कोणत्या वारी मिळते, कोणत्या वारी ती गुत्त्यावर जाते, फवारणीच्या औषधाची बाटली घरात कोठे ठेवलेली असते. ही शेवटची गोष्ट किरकोळ समजू नये. श्रीलंकेने १९९० च्या दशकात अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. द्राक्षे आणि टोमॅटो पिकविणाऱ्या तालुक्यात औषधाला कुलूप लावण्याचा विषय मंडळापुढे आणील तर ती अशी एखादी बाईच आणील.

अशा सभासदांना बोलाविताना त्यांच्या पोटाचा विचार करावा लागतो. मुख्याध्यापकाला तीन तासांची बैठक परवडते. रोजंदारीवर जाणाऱ्याचा दिवस बुडतो. विश्वस्ताने मानधन घेऊ नये हा आपला संस्कार योग्यच आहे. परंतु प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई ही वेगळी गोष्ट आहे. सर्वांना सारखी लागू होईल अशी तरतूद नियमावलीतच करून ठेवली म्हणजे ती कोणा एकावर उपकार ठरत नाही. इतिवृत्त सोप्या मराठीत लिहावे आणि पुढील बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे. ज्याला वाचता येत नाही त्याची सही किंवा अंगठा न वाचलेल्या ठरावाखाली घेणे हा साधा अन्याय आहे, आणि आपल्या संस्थांच्या दप्तरांत तो नित्य घडतो.

याचा अर्थ प्रतिष्ठितांना वगळावे असा नव्हे. त्यांच्यावाचून चालत नाही, पण त्यांना कशासाठी घेतले हे त्यांना व इतरांना ठाऊक असावे. डॉक्टर हवेत, ते औषधोपचाराची जोखीम ओळखण्यासाठी. वकील हवेत, कारण कायद्याची कड या कामाला सतत लागते. हिशेब जाणणारा, शक्यतो पतपेढीत किंवा सोसायटीत काम केलेला मनुष्य कोषाध्यक्ष हवा. आणि त्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. निवृत्त पोलीस अधिकारी मिळाला तर फार चांगले. त्याच्या एका दूरध्वनीने जे काम होते ते दहा निवेदनांनी होत नाही. पण त्याला आधीच स्पष्ट सांगावे की संस्थेत येणाऱ्यांची नावे त्याच्यामार्फत ठाण्यात जाणार नाहीत. हे ऐकून जो रागावत नाही तोच घ्यावा.

नावांच्या गुप्ततेचा प्रश्न शहरापेक्षा गावात शंभरपट अवघड आहे. पिंपरी पेंढारसारख्या गावात कोणाची मोटारसायकल कोणाच्या दारात उभी होती हे संध्याकाळपर्यंत साऱ्या पारावर कळते. म्हणून विश्वस्तांपुढे रुग्णांची नावे ठेवूच नयेत. आकडे आणि अडचणी ठेवाव्यात. एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली आहे. याच कायद्याच्या बाविसाव्या कलमाने निरोध देणे, सुया बदलून देणे, पर्यायी औषध देणे यांसारख्या, एच.आय.व्ही.चा धोका कमी करणाऱ्या उपायांना फौजदारी व दिवाणी कारवाईपासून संरक्षण दिले आहे. भिणाऱ्या विश्वस्ताला हे कलम वाचून दाखवावे. निम्मी भीती तेथेच ओसरते. ज्या शिक्षकांना वा अधिकाऱ्यांना स्वतः मंडळावर यावयाचे असेल त्यांनी आपल्याला लागू असलेले सेवा वर्तणूक नियम पाहून वरिष्ठांना लेखी कळवावे. विनावेतन समाजकार्याला सहसा हरकत घेतली जात नाही. पण न कळविता केलेल्या कामाचा उपयोग पुढे हितशत्रू करतात.

निमंत्रणाची पद्धत घाईची नसावी. हे काम लग्नाच्या मांडवात किंवा यात्रेच्या गर्दीत ‘तुमचे नाव घातले हं, नाही म्हणू नका’ असे होत नाही. आपल्याकडे अगदी असेच होते, आणि म्हणूनच बऱ्याच मंडळांत अर्धे सभासद आपण सभासद आहोत हे विसरलेले असतात. ज्याला घ्यावयाचे त्याच्या घरी दोघांनी जावे, एक जुना विश्वस्त आणि एक ज्याचे आयुष्य या कामाशी जोडलेले आहे असा. बैठका वर्षातून किती, वेळ किती द्यावा लागेल, पैसा उभा करण्याची अपेक्षा आहे की नाही, जबाबदारी काय, हे कागदावर लिहून न्यावे. मग त्याला एकदोन बैठकांना नुसते येऊन बसू द्यावे. एखादा दिवस कार्यकर्त्याबरोबर फिरवावे, आळेफाट्याच्या ट्रक-थांब्यावर किंवा ऊसतोड कामगारांच्या तळावर. परत आल्यावर तो काय बोलतो ते ऐकावे. ‘बिचारे’ म्हणाला तर थोडे थांबावे. ‘त्यांना पाणी कोठून मिळते?’ असे विचारले तर त्याच आठवड्यात ठराव करावा.

मुदत ठेवावी. तहहयात विश्वस्त ही देवस्थानांची परंपरा असेल. या कामात ती घातक ठरते. तीन वर्षे, फार तर दोनदा, आणि सर्वांची मुदत एकाच दिवशी संपू नये अशी रचना केली म्हणजे जुने अनुभवी व नवे दोन्ही राहतात. एका घरातील दोघे नसावेत. पगारी सेवकाचा नातलग नसावा. गावाला सगळेच एकमेकांचे पाहुणे असतात हे खरे, परंतु निदान जेथे स्वतःचा व्यवहार येतो त्या ठरावाच्या वेळी सभासदाने उठून बाहेर जावे व तसे इतिवृत्तात नोंदवावे. आणि मद्यविक्रीचा परवाना असणाऱ्याला? काही जण म्हणतील, त्याला घ्यावे, तो गुत्त्याच्या दारातच मदत करू शकेल. त्याची मदत जरूर घ्यावी. पिऊन झिंगलेल्याला गाडीची किल्ली न देणारा बारमालक पुष्कळ जीव वाचवितो. पण मंडळावर त्याला बसवू नये. त्याचे उत्पन्न ज्यावर अवलंबून आहे त्याविषयीचे निर्णय त्याच्याकडे सोपविणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे.

शेवटी दप्तराचे काम. ते रूक्ष आहे आणि नेमके तेच राहून जाते. नवा विश्वस्त आला, जुना गेला किंवा वारला, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या बाविसाव्या कलमाप्रमाणे नव्वद दिवसांच्या आत बदल अहवाल सादर करावा लागतो. बोलीभाषेत सारे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. तो पुण्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात जातो. त्याला बैठकीच्या सूचनेची प्रत, ती सर्व सभासदांना पोचल्याचा पुरावा, ठराव, आणि नव्या व जुन्या विश्वस्तांची संमतिपत्रे जोडावीत. सूचना दूरध्वनीवरून दिली, सर्व जण आलेही, परंतु लेखी पुरावा नाही, म्हणून वाद झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. मंडळातील एखाद्याला दुखविले गेले म्हणजे तो पहिला हल्ला येथेच करतो. म्हणून चिटणीसाने सूचना-वही ठेवावी आणि प्रत्येकाची सही घेऊनच सूचना द्यावी.

त्या सूचनेत बैठकीची वेळ लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सवडीचे म्हणून आपण बैठका रात्री जेवणे आटोपल्यावर ठेवतो. पिंपरी पेंढारच्या मळ्यांतून राहणाऱ्या बाईला त्या वेळी उसाच्या कडेने एकटीने परत जावे लागते. बैठक दुपारी तीनला बोलवावी आणि दिवस मावळण्यापूर्वी संपवावी.